डाळिंबाच्या रंगाचा उजेड

माझे सासरे खोटं कधी बोलले नाहीत. खऱ्याला पोटभर जेवू घालून, वर नवे कपडे चढवून मगच ते त्याला घराबाहेर काढत, इतकंच. तरुणपणी ते डोंगरातून बोगदे खणायचे. एका बोगद्यात म्हणे एका गड्याने मुकादमाला शिवी हासडली, तिचा प्रतिध्वनी आतच वाट चुकला, आणि तो बाहेर आला तेव्हा शिवी देणाराच मुकादम झालेला होता. त्याने ती निमूट ऐकून घेतली.

मीही या कलेत अगदीच कच्चा नाही. मी एका कारखान्यात टाक्या सांभाळायचो. कपडे धुण्याच्या पुडीत डाग खाणारी प्रथिनं घालतात, ती आम्ही टाक्यांमध्ये जिवाणूंकडून करवून घ्यायचो. एकदा टाकीला फेस असा चढला, की तो झाकण उचलून, जिना उतरून माझ्याआधी घरी पोहोचला आणि आमच्या हिने त्यात पडदे धुऊन घेतले. तरीही सासऱ्यांपुढे मी म्हणजे सूर्यापुढे काजवा.

गोष्टही काजव्याचीच आहे.

सासऱ्यांची सगळ्यात लाडकी हकीकत ही. बोगदा खणताना एका दुपारी समोरचा दगड ढासळला आणि पलीकडे एक पोकळी निघाली. वाऱ्याचा झोत आला, दिवे विझले, बाकीचे गडी ठेचकाळत बाहेर पळाले. सासरे तेवढे थांबले. त्यांनी वर बघितलं, तर पोकळीचं सगळं छत उजळलेलं. काजवे! पण काजव्याचा उजेड हिरवट पिवळा असतो हे शेंबडं पोरही जाणतं. सासरे म्हणत, हा लाल होता. सोललेल्या डाळिंबात दिवा ठेवावा तसा.

"त्या उजेडात मी सुईत दोरा ओवला," ते सांगत.

"बोगद्यात सुई कशाला नेली होती, मामा?" मी एकदा विचारलंच.

"सदऱ्याचं बटण तुटलं होतं, जावईबापू."

या माणसाला कुठे पकडणार! दुसऱ्या दिवशी सुरुंग लावून ती पोकळी उडवली गेली. पुढे खडीसाठी तो डोंगरच फोडून नेला. तसला काजवा पुन्हा कुणी कुठे पाहिला नाही. फक्त एक सासऱ्यांच्या टोपीत बसून बाहेर आला होता. तो लगेच मेला, आणि त्याला त्यांनी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत कापसावर निजवला. लवंगेएवढा, लवंगेसारखाच काळपट, वाळका जीव. डबी उघडून दाखवली की लोक हसायचे. मेलेला काजवा आणि डबीतली लवंग, दोघांची साक्ष सारखीच.

हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा. एकदा भर जेवणात मी पैज मारली: "मामा, तो उजेड लाल होता असं कुणी सिद्ध केलं तर ही मिशी उतरवीन."

मिशी माझी तेव्हा पाहण्यासारखी होती. तिच्यावर पाखरं बसायची, असं मी नाही, शेजारी म्हणत.

"सांभाळा," सासरे म्हणाले. "ओठाला थंडी वाजेल."

हे सगळं चेष्टेत चाललं होतं. मग सासऱ्यांच्या डोळ्यांत आतला दाब वाढल्याचं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं, की नजरेचा घेर चहूबाजूंनी आवळत चाललाय; गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे तीही राहायची नाही, औषधाने जराशी रेंगाळेल एवढंच. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, "जन्मभर बोगद्यात गेलो. आता बोगदा माझ्यात आलाय."

कुणीच हसलं नाही. आमची ही स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासत बसली, स्वच्छ घासलेली.

तेव्हा माझी धाकटी मेहुणी पुढे झाली. ही आमच्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत होती. जिवाणूंना नवनवी प्रथिनं करायला शिकवणं हे तिचं काम. घरात तिला आम्ही आगगाडी म्हणायचो, कारण बोलायला लागली की मधलं एकही स्टेशन घ्यायची नाही. वाक्य सुरू झालेलं दिसायचं, संपलेलं दिसायचं, मधे नुसता वारा.

"बाबा ती डबी द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"एक पाय हवाय."

"कुणाचा?"

"काजव्याचा, बाबा! तुमचा घेऊन काय करू?"

"सहातले दोन आधीच पडलेत त्याचे. आणखी एक नेलास तर पुढच्या जन्मी लंगडत येईल बिचारा."

पण त्यांनी डबी दिली. चिमट्याने तिने एक पाय उचलला तेव्हा म्हातारा मान वळवून भिंतीकडे बघत होता.

त्या पायातून तिने काय काढलं, ते तिने आम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगितलं. काजव्याच्या अंगात एक प्रथिन असतं, तोच त्याचा दिवा. तो दिवा कसा घडवायचा याची कृती त्याच्या पेशीपेशीत लिहिलेली असते, पायातसुद्धा. वाळलेल्या पायात तिचे तुकडे झाले होते, ते तिने जोडून जोडून वाचले.

"म्हणजे त्याचा उजेड मेला नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"मेला नाही बाबा, लिहून ठेवलाय. ती कृती आता आमच्या जिवाणूंना देते, ते दिवा घडवतील, आणि तुम्ही बघा."

"केव्हा?"

आगगाडी पहिल्यांदाच सिग्नलला थांबल्यासारखी झाली. सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, की आधी काय होतंय, दिवा लागतोय की नजर विझतेय.

साहेबांनी आम्हाला धाकटी टाकी दिली, पण बजावून: "आधी साबणपुडी, मग काजवे." तिने कृती जिवाणूंच्या पोटात घातली, मी टाकी लावली. अन्न, ऊब, वरून हवेचा झोत. आमचे जिवाणू म्हणजे राबणारी जात. चहा उकळेपर्यंत एकाचे दोन होतात. ते भरपूर वाढले. तिने काचेच्या चंबूत टाकीतलं थोडं पाणी घेतलं आणि शीतखोलीत नेलं. शीतखोली म्हणजे माल थंड ठेवायची बिनखिडकीची खोली. दार लावलं की भर दुपारी काळाकुट्ट अंधार. तिथे तिने चंबूत एका पिवळ्या पुडीची चिमूट टाकली. ती पूड म्हणजे तेल. प्रथिन नुसती वात. आम्ही डोळे फाडून बघत राहिलो.

काही नाही. तिचं उजेड मोजायचं यंत्र म्हणालं, अगदी कणभर उजेड आहे. यंत्राचं काय जातंय म्हणायला!

"घडवलाच नाही त्यांनी पुरेसा," ती टेबलावर येऊन म्हणाली. "बोली वेगळी पडली."

"जिवाणूंना बोली असते?" आमच्या हिने विचारलं.

"ताई, लिपी सगळ्या सजीवांची एकच. चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे शब्द. एकेक शब्द म्हणजे एकेका मण्याची मागणी, आणि मण्यांची माळ म्हणजे प्रथिन. पण मणी वीसच प्रकारचे आणि शब्द तिपटीहून जास्त, म्हणून एकाच मण्याला कितीतरी नावं. आपण कसं, पाणी म्हणा, जल म्हणा, उदक म्हणा, पेल्यात तेच येतं. आता प्रत्येक नावाचा हमाल वेगळा. आमच्या जिवाणूकडे 'पाणी' म्हटलं की हमालांची झुंबड उडते. 'उदक' म्हटलं की कुठल्यातरी कोपऱ्यातून एकच म्हातारा उठतो, चपला शोधतो, मग निघतो. तो येईपर्यंत ओवणारा हात तसाच थांबलेला. आणि हा काजवा जागोजागी 'उदक' म्हणतोय!"

"काजवा जुन्या वळणाचा आहे," सासरे खुशीत म्हणाले.

"मग त्याची कृती सोप्या शब्दांत लिही की," मी म्हटलं.

"तेच करतेय भावोजी. अडणारा एकूण एक शब्द काढून टाकते. सगळीकडे पाणीच पाणी. अर्थ तोच, माळ तीच, मणी तेच."

नव्या शब्दांची कृती बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून अक्षर अक्षर ओवून यायची होती. त्याला वेळ लागला. तोवर घरात काय चाललं होतं ते जेवणाच्या वेळी दिसायचं. आधी सासऱ्यांना पूर्ण ताट दिसे. मग नुसती वाटी दिसू लागली. वाटी सापडली की चमचा हरवायचा. आमची ही बोलता बोलता तो त्यांच्या हाताशी सरकवायची, आणि ते बोलता बोलता तो घ्यायचे, आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवायचे.

दुसरी खेप लावली. काय सांगू! जिवाणूंनी असा सपाटा लावला की ते सुजल्यासारखे दिसत होते. टाकीतलं पाणी मी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून निथळलं तेव्हा तळाला पांढऱ्या गोळ्यांचा हा थर! मेहुणीने तपासलं: दिव्याचंच प्रथिन, पूर्ण लांबीचं, एकही मणी इकडचा तिकडे नाही. ती माझ्या टाकीभोवती नाचली. लोखंडी जिन्यावर नाचू नये असा नियम आहे, पण मी दुसरीकडे बघितलं.

शीतखोलीत दार लावलं. पिवळी पूड टाकली.

अंधार.

पुन्हा टाकली. अंधार. इतका माल होता की त्यातून गावभरचे दिवे निघावेत, आणि एक ठिणगी नाही. मेहुणीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी आयुष्यात खूप काही वाढवून सांगितलं असेल, पण त्या अंधाराला वाढवायला जागाच नव्हती.

"माळ तीच आहे," ती बाहेर येऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती. "भावोजी, मण्यामण्याने तीच माळ आहे. मग दिवा का नाही?"

मला काय विचारतेस, असं मी म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघून टाकी धुवायला घेतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी जेवताना सासरे वाटी चाचपत होते. त्यांना आता ती सुद्धा अर्धीच दिसायची. आमची ही म्हणाली, "बाबा, बोगद्याची गोष्ट सांगा ना."

"जुनी झाली ती. आणि आता ती सांगायला तोंड कुठे आहे मला? काजवाही माझी बाजू घेईना."

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मेहुणी म्हणाली, "मी सांगते." आणि गाडी सुटली. "बाबा बोगद्यात होते दगड पडला वारा आला दिवे विझले सगळे पळाले बाबा थांबले वर बघितलं छतभर लाल उजेड डाळिंबासारखा त्यात सुईत दोरा ओवला आणि बटण लावलं."

आम्ही जेवत राहिलो. कुणाची मान वर झाली नाही.

"हे काय होतं?" सासरे म्हणाले. "गोष्ट सांगितलीस की खडीचा ट्रक ओतलास?"

"तुमचीच आहे!"

"माझी? छे! ऐक." त्यांनी वाटी बाजूला सारली. "मी बोगद्यात होतो. दगड पडला."

ते थांबले. पाण्याचा पेला शोधला, दोन घोट घेतले.

"वारा आला. दिवे विझले."

पेला खाली ठेवला. अगदी सावकाश, दोन्ही हातांनी. माझा घास हातात तसाच.

"सगळे पळाले." मग चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने एक काच पुसली, मग दुसरी. आता चष्म्याचा त्यांना काय उपयोग होता? पण पुसली. "मी... थांबलो."

आमची ही, जिने ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून ऐकली होती, ती श्वास धरून बसली होती.

"वर बघितलं."

आणि त्यानंतर ते जे गप्प राहिले! छतावरचे काजवे आमच्या घराच्या छतावर येऊन बसेपर्यंत गप्प राहिले. मी वर बघितलं. शपथेवर सांगतो, मी वर बघितलं.

"लाल," ते म्हणाले.

तेवढ्यात चमचा पडल्याचा आवाज झाला. मेहुणी उभी राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एकही शब्द जास्त घातला नाहीत."

"मग? मी कशाला घालीन?"

"मी सांगितली तीच. शब्दाला शब्द तीच." आणि उष्ट्या हाताने, चपला उलटसुलट घालून ती घराबाहेर पडली.

"घशात काही अडकलं का तिच्या?" मी विचारलं.

"गप्प बसता का," आमची ही म्हणाली. "तिला काहीतरी सुचलंय. लहानपणीही अशीच उठायची, परीक्षेतून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणी माझ्या टाकीघरात आली. टाक्या धुवायची लांबलचक रबरी नळी कोपऱ्यात पडली होती. "भावोजी, ही नळी ओढा. जोरात, थांबू नका."

मी ओढली. तिला पीळ पडले, गाठी बसल्या, पाणी अडलं, आणि कुठल्याशा जोडातून पिचकारी उडाली ती थेट माझ्या मिशीवर.

"बघा! ती आपली दुसरी खेप," ती म्हणाली. एवढा आनंद तिला माझ्या भिजण्याचा नसावा. "माळ ओवून झाली म्हणजे दिवा झाला असं नाही. माळेला घड्या पडाव्या लागतात, बरोब्बर जागी, तरच दिवा. आणि घड्या माळ संपल्यावर नाही पडत, ओवली जात असतानाच पडतात. मी सगळीकडे 'पाणी पाणी' लिहिलं, हमाल धावत सुटले, माळ भसाभस बाहेर आली, पहिली घडी बसायच्या आत दुसरी तिच्यात घुसली. गुंता. म्हणून ते पांढरे गोळे."

"आणि काजवा?"

आता ती माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसली आणि, मी खरंच सांगतो, सावकाश बोलली. "काल जाऊन मी त्याची मूळ कृती पुन्हा पसरून बघितली. त्याच्या अंगात अडतील असे शब्द कुठे आहेत? वाटलं होतं, विखुरलेले असतील. नाहीत, भावोजी. नुसते झुपके आहेत. एक घडी पडण्याइतकी माळ बाहेर आली, की थोडं पुढे तीन-चार अडणारे शब्द. ओवणारा हात थांबतो. तेवढ्यात घडी बसते. मग पुढची. ते अडखळणं नव्हतं. ते थांबे होते. मी चुका समजून सगळे खोडले."

"कुणी लिहिले ते थांबे?"

"कुणीच नाही." ती नळीकडे बघत होती. "ज्याच्या कृतीत घाई झाली त्याचा दिवा लागला नाही. ज्याचा लागला नाही त्याला अंधारात जोडीदार दिसला नाही. तो तिथेच संपला. असं कोट्यवधी वेळा. जे योग्य जागी थांबत होते तेवढे उरले, आणि त्यांच्यातला एक बाबांच्या टोपीत बसला."

माझ्या अंगावर काटा आला. भिजल्यामुळे असेल म्हणून मी सदरा बदलून बघितला. काटा तसाच.

तिसरी कृती तिने वेगळी लिहिली. काजव्याचे अडणारे शब्द जसेच्या तसे घेतले नाहीत. जिथे काजवा अडतो तो शब्द आमच्या जिवाणूला सोपाही असू शकतो. थांब्याची जागा काजव्याची, पण शब्द असा की ज्यावर आमचा जिवाणू अडेल. बाकी सगळीकडे पाणी. ती अक्षरं ओवून येईपर्यंत सासऱ्यांची नजर सदऱ्याच्या बटणाएवढी उरली. एवढ्याशा भोकातून ते जग धुंडाळायचे. माझा चेहरा बघायचा तर आधी कान सापडे, मग तिथून वाट काढत नाकावर येत. "मोठा मुलूख आहे, जावईबापू," म्हणायचे.

या वेळी टाकी जरा थंड ठेवायला तिने सांगितलं. राबणाऱ्यांनाही फार ऊब नको. माल दुसऱ्या खेपेच्या निम्माही निघाला नाही. पण तळाला पांढरे गोळे नव्हते. तिने यंत्राला विचारलंच नाही. "बाबांच्या आधी कुणी बघायचं नाही," म्हणाली.

भर दुपारी आम्ही त्यांना कारखान्यात आणलं. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा आमच्या हिच्या. दोन्ही हात थरथरायचे. सुरुंगाच्या कामाने त्यांना ती देणगी दिली होती. शीतखोलीत त्यांना स्टुलावर बसवलं, घोंगडं पांघरलं. मेहुणीने दार लावलं.

"सुई आणायला हवी होती," अंधारात आमची ही पुटपुटली.

"आज बटण शाबूत आहे," सासरे म्हणाले.

पुडीचा कागद उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या मनात आलं, झालं, पुन्हा अंधारच. आणि मग मला माझ्या मेहुणीची बोटं दिसली.

नुसती बोटं, काळी, चंबूभोवती. त्यांच्या मधून काहीतरी उमलत होतं. आधी राखेखालच्या निखाऱ्यासारखं, मग पुढे, पुढे, आणि चंबूच्या काचेतून तो रंग तिच्या मनगटावर, हनुवटीवर, भिंतीवरच्या बर्फाच्या कणांवर चढला. हिरवा नाही. पिवळा नाही. मी टाकीवाला माणूस, मला उपमा सुचत नाहीत, आणि सुचली ती एकच, जी मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेली होती. सोललेल्या डाळिंबात दिवा ठेवावा तसा. त्या पाण्यातला एकेक जिवाणू डोळ्यांना न दिसणारा, आणि ते सगळे मिळून एका संपलेल्या डोंगराचा उजेड देत होते.

"कुठे आहे?" सासरे म्हणाले.

त्यांची मान इकडून तिकडे फिरत होती. बटणाएवढं भोक, आणि एवढी मोठी काळोखी खोली. आणि तेवढ्यात उजेड उतरू लागला. मेहुणीच्या हनुवटीवरून गेला, मनगटावरून गेला.

"कुठे आहे गं?"

"इथे बाबा, इथे, माझ्या हाताकडे," ती घाईने म्हणत होती. "अगं बाई, हवा संपली! जिवाणूंनी पाण्यातली हवा खाल्ली, दिव्याला हवा लागते. बाबा, हात पुढे करा. धरा. हलवा, बाबा, हलवत राहा!"

"हलवायला कशाला सांगतेस?" सासरे चंबू घेत म्हणाले. "माझे हात दुसरं काय करतात?"

आणि ते हात थरथरले. चंबूतलं पाणी हिंदकळलं, हवा आत शिरली, आणि तो उजेड असा भडकला की मला म्हाताऱ्याच्या भुवयांचे केस दिसले. तिच्या स्थिर हातात तो विझत होता. या हातात विझेना. प्रत्येक थरथरीसरशी एक लाल लाट वर यायची, विरायची, की पुढची. सासऱ्यांनी चंबू हळूहळू वर नेला, पोटाशी, छातीशी, आणि डोळ्यांसमोर आणून धरला.

तिथे तो थांबला.

आम्ही वाट बघत राहिलो. सासरे गप्प. मला वाटलं, गोष्टीतल्यासारखे थांबलेत, आता पेला मागतील, चष्मा पुसतील. पण हे थांबणं ते आमच्यासाठी करत नव्हते. त्यांच्या दोन्ही बाहुल्यांत एकेक लाल दाणा होता. आमच्या हिने माझा दंड घट्ट धरला. मेहुणीने, त्या आगगाडीने, एक शब्द काढला नाही.

"मी कमी सांगितलं," सासरे अखेर म्हणाले. "जन्मभर सांगत आलो, आणि कमीच सांगितलं."

त्या दिवशी त्यांना जे दिसलं ते शेवटचं म्हणण्यासारखं. पुढे बटणाचं छिद्र झालं, आणि तेही बुजलं. पण त्याबद्दल कुरकुर त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. बोगद्याची गोष्ट मात्र ते आणखी सावकाश सांगू लागले. "वर बघितलं" म्हटल्यावर दोन्ही हात पुढे करायचे आणि नुसते थरथरू द्यायचे.

राहिली मिशी. दुसऱ्या दिवशी मी न्हाव्याकडे जाऊन आलो आणि सासऱ्यांसमोर उभा राहिलो. "मामा, शब्द पाळला."

"ते मी बघितल्याशिवाय कसं मानू?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. थरथरती बोटं आधी माझ्या कानावर पडली, मग गालावरून, नाकाला वळसा घालून ओठाशी आली. सगळा मुलूख त्यांनी नीट चाचपला.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. जरा थांबले. "पण जावईबापू, पैज तुम्ही हरलात हे बाहेर कुठे सांगू नका. लोक म्हणतील, म्हातारा वाढवून सांगतो."